एक माणूस सांगा

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं आणि पहाटेच्या गपगार घरात ती दचकलीच. झटकन गॅस बंद करून तिनं कानोसा घेतला. कुणी उठल्याची चाहूल नव्हती. मग हातातला कागद पुन्हा उलगडून ती फ्रिजसमोर ताठ उभी राहिली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "साहेब, आमच्या शाखेत येणाऱ्या वाचकांपैकी निम्मी तर शाळकरी मुलंच..."

"आई, फ्रिज साहेब आहे?"

भिंगरी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एक मोजा पायात, दुसरा हातात, डोक्यावर केसांचं घरटं. पाच वर्षांची पोर, झोपेतसुद्धा गादीभर गरगर फिरायची म्हणून तिचं नाव भिंगरी पडलेलं.

"अगं, तालीम करतेय. आज मोठ्या लोकांना भेटायचंय ना, आपली लायब्ररी बंद करू नका म्हणून सांगायला."

"मग फ्रिज काय म्हणाला?"

"काही नाही. थंड उभा आहे."

"मग तालीम अगदी बरोबर चाललीय," आतून नवऱ्याचा झोपाळलेला आवाज आला. "आमदारही असेच भेटतील."

ती हसली आणि कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागली.

सरकारनं एक विधेयक आणलं होतं. ज्या ग्रंथालय शाखांमध्ये वाचक कमी, त्या मोठ्या ग्रंथालयात विलीन करायच्या. विलीन! शब्द ऐकायला किती गोड. साखर चहात विलीन होते, तशी तिची शाखा शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन विलीन होणार होती आणि साखरेसारखीच पुन्हा कुणाला दिसणार नव्हती. शाखा गेली की तिची नोकरीही गेली, हे उघडच होतं. पण तिचा जीव नुसत्या नोकरीत अडकलेला नव्हता. बसच्या शेवटच्या थांब्यासमोरच्या त्या एका लांबट खोलीत तिची लेक वाढली होती. घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून भिंगरी तिच्या टेबलामागे पाळण्यात झोपली, कपाटाची खालची फळी धरून उभी राहिली आणि पहिलं पाऊल टाकलं तेही शब्दकोशांच्या दिशेनं. आता शाळा सुटली की दप्तर फेकून थेट तिथेच.

त्या खोलीत भिंगरीला एक कामही होतं, आणि ते ती सरकारी नोकरीसारखं, किंबहुना त्याहून बरंच मन लावून करायची. तिच्या आईच्या आधी तिथे एक म्हातारे ग्रंथपाल होते. जाताना त्यांनी किल्ल्या दिल्या आणि एक नियम दिला. पुस्तक परत आलं की त्याची चिठ्ठी वाचकाच्या डोळ्यांदेखत फाडायची. कोणी काय नेलं, काय वाचलं, ते त्याचं त्याच्यापाशी. "डॉक्टर बाजारात भेटला तर चारचौघांत तुमची मूळव्याध विचारतो का?" ते म्हणायचे. "मग? आपलंही तसंच."

चिठ्ठ्या फाडायचं खातं भिंगरीकडे. वाचक समोर उभा असताना ती स्टुलावर चढायची, दोन्ही हातांनी चिठ्ठीचे बारीक बारीक तुकडे करायची आणि मान डोलावून सांगायची, "झालं. आता कुणालाच माहीत नाही."

ड्रायव्हरकाका याच खोलीत यायचे.

बस थांब्यावर लागली की पुढची फेरी सुटेपर्यंत ते खिडकीजवळच्या खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसत. उंचपुरा गडी, मनगटं जाड, आवाज भरदार. डेपोत त्यांना सगळे 'वकीलसाहेब' म्हणत. कुणाची रजा कापली, कुणाला फुकटचा मेमो आला, की काका मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरत आणि असे मुद्दे मांडत की मॅनेजरची बोलती बंद. "वाचणारा माणूस आहे बाबा," लोक म्हणत. "बघावं तेव्हा लायब्ररीत."

भिंगरीच्या आईनं मात्र पाहिलं होतं. काका पान उलटत नसत.

ती काही बोलली नव्हती. बोलायचं कामही नव्हतं. पण भिंगरीला असला पाचपोच कुठला? ती एक दिवस चित्रांचं पुस्तक घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि मास्तरीण झाली. "काका, यातला 'क' कुठाय?" काका शोधू लागले. आई टेबलामागून बघत होती. मोठी माणसं मुलांशी खेळताना मुद्दाम चुकतात आणि चुकताना हळूच हसतात. काका हसत नव्हते. त्यांचं बोट पानावरून आंधळ्यासारखं चाललं होतं आणि कपाळावर घाम आला होता.

पुढे एका रिकाम्या दुपारी ते टेबलापाशी आले. टोपी हातात.

"ताई, ही पोरगी शिकतेय तेवढंच मी पण शिकलो तर चालेल का? वेगळं काही नको. हिच्या शेजारी बसतो."

"चालेल की काका. त्यात काय?"

"त्यात काय म्हणता? सगळंच आहे त्यात." आणि मग, पाणी तुंबलेलं असावं आणि बांध फुटावा तसे ते बोलले. बसच्या पाट्या ते अक्षरांच्या ठेवणीवरून ओळखतात. लायसन्सची लेखी परीक्षा मेहुण्यानं दिली होती, तरुणपणी, पोटाची आग होती म्हणून. गाडी मात्र त्यांनी स्वतः चालवून दाखवली होती आणि आजवर गाडीला साधा ओरखडा नाही. बायकोला माहीत आहे. पोरगा इंजिनिअर होतोय, त्याला नाही. "तो काही वाचायला घेऊन आला की मी म्हणतो, आईकडे दे, माझे डोळे चुरचुरतात. खोटं नाही ताई, चुरचुरतातच."

"काका, इथलं इथेच राहील," ती म्हणाली. "हा आमचा धर्मच आहे."

मग एक पान भिंगरी, एक पान काका. "घाई नको काका. बोट ठेवा. आता जोडून म्हणा," अशी तिची दटावणी. ज्या दिवशी काकांनी चिखलात बूट हरवलेल्या बदकाचं अख्खं पुस्तक एकट्यानं वाचलं, त्या दिवशी ते मिटलेल्या पुस्तकावर पंजा ठेवून कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर कंडक्टर हॉर्नवर हॉर्न मारत होता. शेवटी भिंगरीनंच त्यांना हलवलं. "काका, बस तुमच्याशिवाय कशी जाईल?"

घरी जेवताना ती बापाला म्हणाली, "बाबा, मी एका माणसाला वाचायला शिकवते."

"अरे वा! कुणाला?"

"ते नाही सांगायचं. चिठ्ठी फाडलीय."

तर आता त्या भेटीच्या दिवसाकडे. ग्रंथपालांच्या संघटनेचे सचिव तिला विधानभवनाच्या फाटकापाशी भेटले. निवृत्त ग्रंथपाल, कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत निवेदनांचा गठ्ठा. दर अधिवेशनाला येऊन आमदारांच्या दारात उभं राहणं हा त्यांचा संसारच झाला होता. तिच्या हातातला कागद त्यांनी नजरेखालून घातला आणि घडी करून तिच्याच पर्समध्ये कोंबला.

"आकडे नकोत हो. यांना आकड्यांचं अजीर्ण झालेलं असतं. एक माणूस सांगा. एकच. ज्याचं आपल्यामुळे भलं झालं असा. ऐकणाऱ्याच्या घशात आवंढा आला पाहिजे."

"वाचकांचं आपण बाहेर बोलत नाही, सर."

"तुम्ही ना, अगदी त्या म्हाताऱ्याच्या शिष्या शोभता. अहो, नाव कोण विचारतंय? बाईचा बाप्या करा, शिंप्याचा सुतार करा. माणूस झाकला म्हणजे झालं."

पहिल्या आमदारांनी उभ्या उभ्याच ऐकलं. "लायब्ररी? आता सगळं मोबाईलमध्ये आलंय की ताई." दुसऱ्यांनी निवेदन हातात घेतलं, छान हसून फोटो काढला आणि फोटो झाल्यावर निवेदन परत दिलं. तिसऱ्यांच्या पीएनं सांगितलं, साहेब आत्ताच बाहेर पडले. आतून साहेबांचं हसणं ऐकू येत होतं. लांबच्या लांब व्हरांड्यात चप्पल घासत ती सचिवांच्या मागे चालत राहिली आणि तिला वाटलं, आपण काहीतरी विकायला आलोय आणि दारावरची पाटी सांगतेय, विक्रेत्यांना प्रवेश नाही.

उरल्या आमदारबाई. विधेयक ज्या समितीपुढे होतं, तिच्या त्या अध्यक्षा. त्यांचा शब्द तो शेवटचा.

आमदारबाईंनी टेबलाखाली चपला काढून ठेवल्या होत्या. समोर अर्धवट खाल्लेलं सँडविच. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. पण त्यांनी दोघांना बसवलं, पाणी मागवलं, फोन पालथा ठेवला आणि खरोखर ऐकलं. दिवसभरात पहिल्यांदाच कुणीतरी ऐकत होतं. तेच नेमकं नडलं.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "आकडे माझ्याकडेही आहेत, आणि सरकारचे आकडे जाड कागदावर असतात. ही शाखा बंद केली तर माझी झोप उडेल असं काहीतरी सांगा मला. नाहीतर उद्या मी सही करून मोकळी होईन."

सचिवांनी टेबलाखालून तिला कोपर मारलं.

तिनं मनात जुळवाजुळव केली होती. ड्रायव्हरचा गवंडी करायचा. शेवटच्या थांब्याचा बाजार करायचा. अवघड काय त्यात? पण ज्या हातानं वर्षानुवर्षं प्रत्येक पुस्तकाला त्याच्याच विषयाची पट्टी लावली, स्वयंपाकाचं पुस्तक चुकून इतिहासात गेलं तर ज्या बाईला चैन पडत नसे, तिची जीभ माणसाला चुकीची पट्टी लावायला वळेना. 'गवंडी' म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "आमच्याकडे एक बस ड्रायव्हर येतात."

एकदा सुटलं ते सुटलंच. आमदारबाई विचारत गेल्या आणि ती सांगत गेली. कुठे बसतात? खिडकीजवळ, त्यांची फेरी आमच्या दारातच संपते ना. कोण शिकवतं? माझी लेक, पाच वर्षांची. अगंबाई! आणि वाचता येत नव्हतं तर लायसन्स कसं मिळालं? इथे ती क्षणभर थांबली. पण आमदारबाई पुढे झुकल्या होत्या, त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्या डोळ्यांत तिला तिची खोली दिसत होती. दिवे लागलेली, उघडी. "परीक्षा मेहुण्यानं दिली होती," ती म्हणाली. "तीच लाज त्यांना आयुष्यभर पोखरत होती."

आमदारबाईंनी पदरानं डोळे टिपले. ते रडणं खोटं नव्हतं. खोटं असतं तर पुढे तिला निदान कुणाचा तरी राग करता आला असता.

"नाव नका सांगू," आमदारबाई म्हणाल्या.

"नाही सांगणार," ती म्हणाली, आणि नाव सोडून काय शिल्लक ठेवलं होतं तिनं?

बाहेर आल्यावर सचिव नुसते नाचायचे बाकी होते. "काय सांगितलंत हो! मलाच गहिवरून आलं." तिलाही बरं वाटत होतं. परतीच्या वाटेवर, गर्दीत दांडीला लोंबकळताना तिनं मनाशी चार-चारदा म्हटलं की नाव तर नाहीच घेतलं.

आमदारबाईंचं भाषण थेट प्रक्षेपणात होतं. तिनं लायब्ररीतल्या टेबलावर फोन उभा करून पाहिलं. काय बोलल्या बाई! "ज्याच्या हाती रोज शेकडो जीव आपण सोपवतो, त्याला पाटीसुद्धा वाचता येत नव्हती, अध्यक्ष महाराज. परीक्षा दुसऱ्यानं दिलेली. आणि त्याला अक्षर कुणी दिलं? शेवटच्या थांब्यावरच्या एका लहानशा लायब्ररीनं आणि पाच वर्षांच्या एका पोरीनं!" दोन्ही बाजूंनी बाकं वाजली. विरोधकसुद्धा उभे राहिले. प्रौढांना वाचायला शिकवणाऱ्या शाखा विलीन होणार नाहीत, अशी दुरुस्ती त्याच दिवशी मंजूर झाली.

"जिंकलो!" सचिव फोनवर ओरडले. त्या संध्याकाळी तिनं केक आणला. भिंगरीनं त्यातला एक तुकडा बशीत काढून झाकून ठेवला. "हा काकांचा. उद्या नेऊ."

तेच प्रक्षेपण डेपोच्या कँटीनमध्येही चालू होतं.

दुसऱ्या दिवशी बस वेळेवर आली. गाडीतून उतरला तो दुसराच ड्रायव्हर, कानात इअरफोन घातलेला. भिंगरी बशी घेऊन पायरीवर उभी होती. ती बशी तशीच घेऊन आत आली. कंडक्टर पाणी प्यायच्या निमित्तानं टेबलापाशी आला आणि घोट घेता घेता, कुणाकडे न बघता बोलला.

"भाषण चालू होतं आणि कँटीनमध्ये एकेकानं मान वळवली, बाई. शेवटचा थांबा म्हणजे आमचीच लाईन. लायब्ररीत बसणारा एकच. 'वकीलसाहेब, हे तुम्हीच की काय?' एकजण म्हणाला आणि जो हशा पिकला... ज्यांच्यासाठी हा माणूस मॅनेजरशी भांडला, तेच हसत होते सगळ्यात मोठ्यानं. काकांच्या हातातला चहा तसाच राहिला."

"मग?"

"मग सकाळी मॅनेजरनं बोलावलं. इतक्या वर्षांचा डूख होता, सोडतोय का? गाडीवरून उतरवल्याची ऑर्डर हातात दिली आणि म्हणाला, 'घ्या, वाचा. येतं ना आता? मोठ्यानं वाचा, सगळ्यांना ऐकू दे.'"

"आणि त्यांनी?"

"वाचली त्यांनी. बोट ठेवून. एकही जोडाक्षर चुकलं नाही." कंडक्टरनं ग्लास पालथा ठेवला. "धुलाईला टाकलंय त्यांना. गाड्या धुवायला. पोरगा घरी काल रात्रीपासून बोललेला नाही म्हणे. बापाला वाचता येत नव्हतं याचं नाही हो. परीक्षेचं. कॉलेजची पोरं फोन करून चिडवतात, तुझी परीक्षा कोण देतं म्हणून."

बोलता बोलता त्यानं पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. "तुम्हाला काही कल्पना, बाई, त्या आमदारांना कुणी सांगितलं असेल?"

तो गेला. भिंगरी स्टुलावर उभी राहून कुणाच्या तरी पुस्तकाची चिठ्ठी फाडत होती. "झालं. आता कुणालाच माहीत नाही." आईला ते ऐकवेना. ती उठून कपाटांच्या मागे गेली आणि नीट लावलेली पुस्तकं पुन्हा लावत राहिली.

नवऱ्याला तिनं सांगितलं. तो चांगला माणूस, म्हणून त्यानं बायकोचीच बाजू घेतली. "तू काय मुद्दाम केलंस? आणि एका माणसाच्या बदल्यात अख्खी लायब्ररी राहिली. शंभर पोरं शिकतील तिथे."

"बदल्यात," ती म्हणाली. "हा सौदा काकांनी केला? की काकांना विचारून मी केला?"

"मग आता काय करणार?"

"ज्या दारात तोंड उघडलं, त्याच दारात जाऊन पुन्हा उघडणार. दुसरं काय येतं मला?"

या वेळी ती एकटीच गेली. आमदारबाई बाहेर पडायच्या घाईत होत्या, पण तिला बघून थांबल्या आणि दोन्ही हात हातात घेतले. "या या! तुमच्या शाखेत मोठा कार्यक्रम करायचाय आपल्याला. त्या ड्रायव्हरांना मंचावर बसवू. आणि तुमच्या लेकीला पण, तिच्या हातून त्यांना पुस्तक देऊ. कसं दिसेल!"

"बाई, त्यांना गाडीवरून काढलंय. तुमच्या भाषणामुळे. म्हणजे, माझ्यामुळे. तुम्ही एक शब्द टाका. लेखी परीक्षा आता स्वतः देतील ते. पास होतील, मी लिहून देते."

आमदारबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी तिचे हात सोडले नाहीत, पण पकड सैल झाली.

"हे बघा, मला वाईट वाटतंय. खरंच वाटतंय. पण परीक्षेत लबाडी झालेली आहे आणि ती मी स्वतः सभागृहात सांगितलेली आहे. आता मीच म्हणू, त्यांना गाडी द्या? उद्या काही झालं तर? लोक मला जाब विचारतील, आणि बरोबरच विचारतील."

"आजवर ओरखडा नाही हो त्यांच्या गाडीला."

"ते तुम्ही त्या दिवशी सांगितलं नाहीत."

खरंच नव्हतं सांगितलं. गोष्टीत ते बसत नव्हतं. रडू येईल असं ते काही नव्हतं.

"आणि नाव मी घेतलं नाही," आमदारबाई म्हणाल्या, अगदी हळू, स्वतःची समजूत काढावी तशा. "तुम्हीही नाही घेतलंत. आपण दोघींनी काळजी घेतली होती." मग फोन वाजला आणि त्या तो कानाला लावून जिन्याकडे गेल्या.

कार्यक्रम व्हायचा तो झाला. मंचावर ड्रायव्हर नव्हते, भिंगरीला ताप आल्याचं आईनं कळवलं होतं, तरी सचिवांनी तासभर भाषण ठोकलं. शाखेला नवा फलक मिळाला, नवे पंखे मिळाले. कुतूहलानं माणसंही येऊ लागली. 'तीच ना ही लायब्ररी?' एक बाई पुस्तक उचलायची, भिंगरीच्या आईकडे बघायची आणि परत ठेवायची. पूर्वी तिच्याकडे दबक्या आवाजात पुस्तकं मागणारे होते. नवऱ्याच्या मारहाणीवरचं, दारू सोडण्यावरचं, न सांगता येणाऱ्या आजारावरचं. ते आता मागेनासे झाले.

भिंगरी मात्र रोज विचारायची. "काका कधी येणार? पुढचं पान त्यांचं आहे." आज येतील, उद्या येतील करता करता आईची थापांची शिदोरी संपली. शेवटी एका शनिवारी शाळा लवकर सुटली तशी भिंगरीनं पुस्तक छातीशी धरलं आणि हट्टच धरला. आईनंही मनाचा हिय्या केला. माफी मागायची तर तोंडावर मागावी.

डेपोच्या मागच्या अंगणात गाड्या धुतात तिथे सगळीकडे साबणाचं राखाडी पाणी. काका गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून एका बसची बाजू लांब दांड्याच्या ब्रशनं घासत होते. पाट्यांवरची अक्षरं फेसाखाली जात होती आणि पाण्याचा फवारा मारला की पुन्हा वर येत होती. पलीकडे दोन-तीन जण टायरवर बसून चहा पीत होते.

"काका!" भिंगरी चिखलातून धावली.

ते वळले. तोंडावर हसू आलं, आपसूक, आधीसारखं. मग मागे उभी आई दिसली आणि ते हसू जसं आलं तसं विझलं.

"नमस्कार मॅडम," ते म्हणाले.

आजवर ती त्यांची ताई होती.

"काका, मी..." तिनं वाक्य घोकून आणलं होतं. फ्रिजसमोर नाही, पण आणलं होतं. "मी चुकले. नाव नाही घेतलं, पण..."

"कशाला मॅडम, जाऊ द्या. तुमची लायब्ररी राहिली ना? झालं तर." आवाजात राग नव्हता. राग असता तर तिनं तो पदरात घेतला असता. "खोलीच राहिली नसती तर मी तरी कुठे शिकलो असतो? हिशोब बरोबरच आहे तुमचा."

भिंगरीला या बोलण्यात रस नव्हता. तिनं पुस्तक उघडलं, पान शोधलं आणि दोन्ही हातांनी वर धरलं. "काका, हे पान तुमचं. मी पुढे नाही वाचलं. खरंच."

टायरवरच्या एकानं चहाचा कप खाली ठेवला. "अरे वा, मास्तरीणबाई आल्या! होऊन जाऊ द्या वकीलसाहेब, आम्हाला पण ऐकू द्या की!" बाकीचे खिदळले.

काकांनी ओले हात शर्टाला पुसले. पुस्तकावर वाकले. त्यांची नजर पहिल्या ओळीवरून डावीकडून उजवीकडे सरकली, दुसऱ्या ओळीवर उतरली, तिच्या शेवटापर्यंत गेली. आई बघत होती. ओठसुद्धा किंचित हलले. मग त्यांनी पुस्तक हळूच मिटलं आणि पोरीच्या हातात दिलं.

"मला कुठं वाचता येतं, बाळा?" ते म्हणाले, टायरवरच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. आणि ब्रश उचलून गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेले.

भिंगरी आईबरोबर फाटकाबाहेर आली. आईचं बोट तिनं घट्ट धरलं होतं. रस्त्याच्या कडेला ती थांबली. पुस्तक उघडून तिनं ते पान पाहिलं, मान तिरकी करून पाहिलं, ते पानच बिघडलंय की काय अशा शंकेनं. मग वर बघून तिनं विचारलं,

"आई, एकदा वाचता यायला लागलं की परत विसरता येतं का?"